मालवाहू गाडीचे अंधुक दिवे : घरच्या घरी करावयाची दुरुस्ती

कार्तिक-मार्गशीर्षाच्या दिवसांत इंद्रायणीकाठी पहाटे धुके उतरते. याच सुमारास पुणे-नाशिक महामार्गावरून खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील भाजीपाल्याच्या गाड्या मोशीच्या उपबाजाराकडे व पुढे पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघालेल्या असतात. माल ताजा असतानाच बाजारात उतरावा म्हणून शेतकरी मध्यरात्रीनंतर गाडी भरतो आणि उजाडण्यापूर्वीचा सारा प्रवास दिव्यांच्या भरवशावर करतो. ऊस-गाळपाचा हंगामही तेव्हा सुरू झालेला असतो. उसाने भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावर असतात. कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची यात्रा याच दिवसांत येते आणि मोशीवरून जाणाऱ्या देहू-आळंदी रस्त्याने वारकरी पहाटेपासून पायी चालत असतात. चाकण व भोसरीच्या कारखान्यांची पाळी सुटली म्हणजे सायकली आणि दुचाकी यांची त्यांत भर पडते. अशा रस्त्यावर गाडीचा दिवा किती लांबवर उजेड टाकतो, ही गोष्ट किरकोळ समजता येणार नाही.

गाडीची तेलपाणी, चाकांची हवा आणि ब्रेक यांकडे आपले शेतकरी बंधू लक्ष देतात. परंतु पुढच्या दिव्यांची काच हळूहळू पिवळी व दुधाळ होत गेलेली असते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिवा लागतो आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. दिवा लागणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा दोष पुष्कळ अंशी घरच्या घरी, थोड्या खर्चात आणि एका दुपारच्या श्रमात दूर करता येतो. तो कसा दूर करावा, आणि केलेले काम टिकावे म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

काच नव्हे, प्लॅस्टिक

बोलताना आपण दिव्याची ‘काच’ म्हणतो. परंतु अलीकडच्या बहुतेक पिकअप, टेम्पो आणि मोटारगाड्यांच्या पुढच्या दिव्यांवरील आवरण काचेचे नसते. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे असते. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीतील हेर्मान श्नेल यांनी बायर कंपनीत, व जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेतील डॅनियल फॉक्स यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, स्वतंत्रपणे शोधून काढले. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असून दगड उडाला तरी सहजासहजी फुटत नाही, आणि त्याला हवा तो आकार देता येतो. या गुणांमुळे गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मोटारींच्या दिव्यांतून काच मागे पडली व पॉलिकार्बोनेट आले.

या प्लॅस्टिकमध्ये दोन उणिवा आहेत. एक म्हणजे त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. धुळीच्या कणांनी त्यावर ओरखडे पडतात. दुसरी म्हणजे उन्हातील अतिनील किरणांनी त्याची रासायनिक घडण बिघडून ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर एक अतिशय पातळ, कठीण व पारदर्शक लेप चढविलेला असतो. हा लेप शाबूत आहे तोवर दिवा स्वच्छ राहतो. ऊन, धूळ, पाऊस आणि दिव्याची स्वतःची उष्णता यांनी काही वर्षांत लेप झिजतो, त्यास बारीक तडे जातात व तो जागोजागी सुटतो. मग खालचे प्लॅस्टिक उघडे पडते आणि पिवळेपणा झपाट्याने वाढतो.

मावळात व खेड तालुक्यात ज्यांनी पॉलिहाउसमध्ये गुलाब किंवा ढोबळी मिरची घेतली आहे, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पॉलिहाउसचा कागद घेताना तो अतिनील किरणांपासून संरक्षण केलेला आहे की नाही हे आपण पाहतो. तसा नसेल तर तो लवकर ठिसूळ होतो. चांगला कागदही काही वर्षांनी मंद होतो आणि आत पिकास उजेड कमी पडू लागतो. दिव्याच्या आवरणाचे नेमके असेच होते. फरक इतकाच की, कागद बदलण्याची वेळ आपण ओळखतो व दिव्याची ओळखत नाही.

उजेड घटला म्हणजे अंतर घटले

अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ या संघटनेने २०१८ साली जुन्या, मंद झालेल्या दिव्यांची मोजणी केली. तीत असे आढळून आले की, पूर्ण कार्यक्षम नव्या दिव्याच्या मानाने अशा दिव्यांतून केवळ २२ टक्के उजेड बाहेर पडत होता. घासून व लेप देऊन दुरुस्त केल्यावर तोच उजेड सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. मूळ कंपनीचा नवा दिवा बसविल्यास तो अर्थातच १०० टक्के झाला.

या आकड्यांचा रस्त्यावर अर्थ काय होतो, ते पाहू. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास उजेड चौथ्या हिश्शावर येतो. उलट पाहता, दिव्याचा उजेड चौथ्या हिश्शावर आला, तर पूर्वी जी वस्तू १०० मीटरवर दिसत होती ती आता सुमारे ५० मीटरवर आल्याशिवाय तितकीच स्पष्ट दिसणार नाही. २२ टक्के उजेडाने हे अंतर ४७ मीटर येते; ७० टक्के उजेडाने ते ८४ मीटर येते. हा हिशेब ढोबळ आहे; परंतु गोष्ट स्पष्ट होण्यास पुरेसा आहे.

आता गाडी थांबण्याचा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती आणखी सुमारे २८ मीटर घसटत जाते. एकूण ५३ मीटर झाले. ताशी ४० किलोमीटर वेगाने हेच अंतर सुमारे २९ मीटर येते. गाडी मालाने भरलेली असेल, टायर झिजलेले असतील अथवा रस्ता ओला असेल तर दोन्ही अंतरे वाढतात.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवावेत. उसाची ट्रॉली मागे दिवा नसताना रस्त्याच्या कडेला उभी आहे. स्वच्छ दिव्यांनी ती १०० मीटरवर दिसली असती, तर चालकास ब्रेक लावून वर निम्मे अंतर हाती उरले असते. मंद दिव्यांनी ती ४७ मीटरवर दिसली; थांबण्यास मात्र ५३ मीटर हवेत. चालक सावध आहे, ब्रेक उत्तम आहेत, वेगही बेताचा आहे. तरीही गाडी ट्रॉलीवर आदळते. दुरुस्त केलेल्या दिव्यांनी तीच ट्रॉली ८४ मीटरवर दिसते व गाडी ३१ मीटर अलीकडे उभी राहते.

गडद कपडे घातलेला पादचारी तर ट्रॉलीपेक्षाही उशिरा दिसतो. दिवे डिपरवर असताना चांगल्या दिव्यांनी तो ५० मीटरवर दिसतो असे धरले, तर मंद दिव्यांनी तो २३-२४ मीटरवर येईपर्यंत दिसणार नाही. तेवढ्यात थांबावयाचे म्हणजे गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत पाहिजे. मोशी ते आळंदी रस्त्यावर पहाटे किती गाड्या या वेगाने जातात, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मंद काचेचा आणखी एक दोष आहे. दुधाळ आवरणातून प्रकाश सरळ न जाता सर्व बाजूंस विखुरतो. त्यामुळे आपल्यास कमी दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये पुढच्या दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. मालवाहू गाडीच्या योग्यता-तपासणीतही दिवे पाहिले जातात. परंतु नियमासाठी म्हणून नव्हे, तर आपल्या व दुसऱ्याच्या जिवासाठी हे काम करावयाचे आहे.

आधी दोष ओळखावा

काम हाती घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहावे, नाही तर श्रम वाया जातील.

बोटाच्या नखाने आवरणावर टिचकी मारून पाहावी. काचेचा आवाज खणखणीत येतो, प्लॅस्टिकचा बोदा येतो. पुष्कळ दिव्यांवर ‘पीएल’ किंवा ‘पीसी’ अशी इंग्रजी अक्षरे उठविलेली असतात. ती प्लॅस्टिकची खूण होय. जुन्या जीप आणि कित्येक ट्रॅक्टर यांच्या दिव्यांना खरी काच असते. ती पिवळी पडत नाही व तिला घासावयाचे नसते. अशा दिव्याचा उजेड कमी झाला असेल, तर आतील रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल, बल्ब जुना झाला असेल अथवा तारेची जोडणी गंजली असेल.

आवरण प्लॅस्टिकचे असल्यास ते पाण्याने ओले करावे. ओले असताना ते बरेचसे स्वच्छ दिसले आणि वाळताच पुन्हा मंद झाले, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे व तो घासून जाईल. ओले केल्यावरही काही फरक पडला नाही, आतून पाण्याचे थेंब किंवा बुरशीसारखे डाग दिसले, किंवा प्लॅस्टिकमध्ये खोलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेले असले, तर बाहेरून घासून उपयोग होणार नाही. तेथे दिवाच बदलावा. काही गाड्यांचा नवा दिवा बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्याची किंमत विचारून घ्यावी. दुरुस्तीचे साहित्य काही शे रुपयांत येते व त्यात दोन्ही दिवे होतात.

बाजारातील तीन प्रकार

दिवे स्वच्छ करण्याची जी द्रव्ये मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात, त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे नुसते पॉलिश. फडक्यावर घेऊन चोळले की मंदपणा कमी होतो. दोष हलका असेल तर याने काम भागते; परंतु पॉलिश हे संरक्षण नव्हे. उरलासुरला जुना लेपही त्याने निघून जातो आणि काही आठवड्यांत काच पूर्ववत होते.

दुसरा प्रकार म्हणजे पुसून लावावयाचा लेप. तो बारीक ओरखडे भरून काढतो व पृष्ठभाग चकाकतो. जुना पिवळा थर न काढता तो वर दिला, तर पिवळेपणा त्याखाली तसाच राहतो व लेपही लवकर सुटतो.

तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण संच. त्यात बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, पॉलिश आणि शेवटी द्यावयाचा अतिनील-रोधक लेप असतो. श्रम अधिक आहेत, पण काम टिकाऊ होते. पिवळा पडलेला दिवा असल्यास हाच प्रकार घ्यावा. संच घेताना त्यात अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा शेवटचा लेप आहे, हे वेष्टनावर वाचून खात्री करून घ्यावी. तो नसेल तर निराळा घ्यावा. घासणे हे अर्धे काम आहे. लेप हे उरलेले अर्धे काम आहे.

साहित्य

१. ओले घासण्याचे पॉलिश पेपर (वॉटर पेपर) : ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे.
२. प्लॅस्टिकसाठी असलेले पॉलिश किंवा बारीक रबिंग कंपाउंड.
३. अतिनील-रोधक लेप.
४. रंगकामास वापरतात ती कागदी चिकटपट्टी (मास्किंग टेप).
५. बादलीभर स्वच्छ पाणी, गाडी धुण्याचा शाम्पू व मऊ सुती फडकी.
६. आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडेसे.
७. रबरी हातमोजे.

कृती

दिवस कोरडा निवडावा. गाडी सावलीत उभी करावी व दिवे थंड होऊ द्यावेत. तापलेल्या आवरणावर लेप नीट बसत नाही.

प्रथम दिवे शाम्पूच्या पाण्याने धुवावेत. मातीचा एकही खडा राहता कामा नये. राहिलेला खडा पॉलिश पेपराखाली येऊन नवे ओरखडे पाडतो. पुसून कोरडे झाल्यावर दिव्याभोवतालच्या पत्र्याला चिकटपट्टीचे दोन पदर लावावेत, म्हणजे गाडीचा रंग खराब होणार नाही.

पॉलिश पेपर पाच-दहा मिनिटे पाण्यात भिजत ठेवावा. आवरण बरेच पिवळे असेल तर ८०० नंबरने, बेताचे असेल तर १००० नंबरने आणि नुसतेच मंद असेल तर १५०० किंवा २००० नंबरने सुरुवात करावी. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. हलक्या हाताने, सारखा दाब ठेवून, एकाच दिशेने आडवे घासावे व सतत पाणी सोडीत राहावे. कोरडे घासू नये. प्रारंभी पिवळसर दुधासारखे पाणी गळू लागते. तो झिजलेला जुना लेप होय. हे पाणी पांढरे होईपर्यंत आणि सारा पृष्ठभाग एकसारखा दिसेपर्यंत घासावे. मध्येच कोठे चकाकता तुकडा राहिला असेल, तर तेथे जुना लेप अजून शिल्लक आहे असे समजावे.

यानंतर पुढचा बारीक कागद घेऊन उभे घासावे. आधीच्या कागदाचे आडवे ओरखडे नाहीसे झाले की त्याच्याही पुढचा कागद घेऊन पुन्हा आडवे घासावे. प्रत्येक कागदानंतर दिवा व फडके स्वच्छ धुवावे. उतावीळ होऊन मधला नंबर गाळू नये. जाड कागदाचे ओरखडे अतिबारीक कागदाने निघत नाहीत.

या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षाही अधिक पांढुरका दिसतो. पहिल्यांदाच काम करणारा येथे घाबरतो व आपण दिवा बिघडविला असे त्यास वाटते. तसे काही झालेले नसते. ३००० नंबरपर्यंत आल्यावर दिवा धुऊन कोरडा करावा आणि पॉलिश घेऊन मऊ फडक्याने गोल गोल चोळावे. काही मिनिटांत आतील बल्ब स्पष्ट दिसू लागतो.

आता शेवटचे काम राहिले. पॉलिशचा तेलकटपणा पूर्णपणे काढण्यासाठी स्वच्छ फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आवरण पुसावे व वाळू द्यावे. नंतर त्यास बोट लावू नये. हातमोजे घालून लेपाचे द्रव्य स्वच्छ फडक्यावर घ्यावे व एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, पातळ पट्टे ओढावेत. ओढलेल्या पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा फडके फिरवू नये. दुसरा हात द्यावयाचा की नाही, दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यावयाचा आणि लेप सावलीत वाळवावयाचा की उन्हात, हे प्रत्येक द्रव्याप्रमाणे बदलते. वेष्टनावरील सूचना त्याप्रमाणे पाळाव्यात. काही लेप पॉलिश न करता घासलेल्या पृष्ठभागावरच द्यावयाचे असतात, तेही तेथे लिहिलेले असते. लेप पक्का होईपर्यंत दिव्यांवर पाणी, धूळ व दव पडू देऊ नये.

फवाऱ्याने मारावयाचा लेप असल्यास उघड्या हवेत, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून काम करावे व नाक-तोंड झाकावे. दोन द्रव्ये मिसळून तयार होणारे काही लेप फुप्फुसास अपायकारक असतात. ते साध्या रुमालाच्या भरवशावर घरी मारू नयेत, जाणत्या रंगाऱ्याकडून करून घ्यावेत.

हे करू नये

दिवे साफ करण्याच्या अनेक युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात. त्यांपैकी काही निरुपयोगी, तर काही अपायकारक आहेत.

दात घासण्याची पेस्ट चोळल्यास दिवा थोडा उजळतो, कारण तिच्यात घासणारी बारीक पूड असते. परंतु ती संरक्षण देत नाही. हा उजळपणा फार दिवस राहत नाही.

डास पळविण्याच्या काही मलमांत डीईईटी नावाचे द्रव्य असते. ते चोळताच दिवा आश्चर्यकारक रीतीने स्वच्छ दिसतो. त्याचे कारण असे की, हे द्रव्य प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळविते. पुढे तोच पृष्ठभाग चिकट होऊन त्यावर धूळ बसते, तडे जातात आणि दिवा दुरुस्तीच्या पलीकडे जातो. पेट्रोल, थिनर आणि ॲसिटोन यांनीही पॉलिकार्बोनेट खराब होते. त्यांनी दिवे पुसू नयेत.

द्रव तापवून त्याच्या वाफेने दिवे उजळविण्याची एक पद्धत आहे. त्या वाफा विषारी असतात. घरी, विशेषतः लहान मुले असलेल्या घरी, ती कदापि वापरू नये.

मंद दिव्यावर उपाय म्हणून कोणी अधिक वॅटचा बल्ब बसवितात. पुष्कळ गाड्यांत ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्याऐवजी जास्त शक्तीचा बल्ब घातल्यास तारा तापतात, आतील रिफ्लेक्टर व आवरण उष्णतेने लवकर खराब होते आणि विखुरलेल्या प्रकाशाने समोरचा चालक आंधळा होतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यापुढे मोठा कंदील धरून दृष्टी येत नाही.

पुढील निगा

चांगल्या रीतीने दिलेला लेप साधारणतः वर्ष-दोन वर्षे टिकतो; तो ऊन, धूळ व लेपाची प्रत यांवर अवलंबून राहील. तो अधिक टिकावा म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

दिव्यांवरील धूळ कोरड्या गोणपाटाने पुसू नये. आधी पाणी टाकावे व नंतर मऊ फडक्याने पुसावे. दिवसा गाडी शेतात किंवा अंगणात उभी करताना तिचे तोंड सावलीकडे करावे. औषध-फवारणीची साधने व डबे गाडीतून नेताना दिव्यांवर औषध उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. कित्येक कीटकनाशकांतील तेलकट द्रावके प्लॅस्टिकला घातक असतात. पावसाळा संपल्यावर, हंगाम सुरू होण्याच्या आधी, दरवर्षी एकदा दिवे तपासावेत आणि चकाकी कमी झाली असल्यास लेपाचा नवा हात द्यावा. वेळीच हात दिल्यास पुन्हा सगळे घासावे लागत नाही.

भरलेल्या पिकअपचा मागचा भाग दबतो व दिव्यांचे झोत वर उचलले जातात. ज्या गाडीत झोत खाली-वर करण्याची कळ आहे, तेथे माल भरल्यावर झोत खाली घ्यावा. तशी सोय नसल्यास कारागिराकडून दिव्यांचा रोख तपासून घ्यावा. दिवे उजळल्यावर ही काळजी अधिकच आवश्यक होते. दुरुस्त दिव्यांचा रोख चुकीचा असेल तर समोरच्याला त्रास वाढतो.

ट्रॉली व बैलगाडीच्या मालकांनीही आपला वाटा उचलावा. मागील बाजूस लाल परावर्तक पट्टी लावावी व ती चिखलाने माखू देऊ नये. परावर्तक स्वतः उजेड देत नाही. मागून येणाऱ्या दिव्याचा उजेडच तो परत पाठवितो. म्हणून पट्टी एकाने लावावयाची आणि दिवा दुसऱ्याने स्वच्छ ठेवावयाचा. दोघांनी मिळून केल्याशिवाय दोघांचाही बचाव नाही.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

सांगण्यापेक्षा दाखविण्याचा परिणाम अधिक होतो. गावातील कार्यकर्त्यांनी पुढील सोपे प्रात्यक्षिक करावे.

दोन्ही दिवे सारखेच मंद झालेली एक गाडी निवडावी. दुपारी शेतकऱ्यांच्या देखत तिचा एकच दिवा वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करावा व दुसरा तसाच ठेवावा. लेप वाळल्यानंतर, अंधार पडल्यावर, गाडी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीसमोर सात-आठ मीटरवर उभी करून दिवे डिपरवर लावावेत. एका बाजूचा प्रकाश पांढरा व रेखीव कडेचा, दुसऱ्या बाजूचा पिवळट व पसरट, असा फरक उपस्थितांना तत्काळ दिसेल.

नंतर गाडी मोकळ्या शेतात अथवा खळ्यावर न्यावी. हा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर करू नये. एका काठीस काळे घोंगडे बांधून एका तरुणाने गाडीपासून दूर चालत जावे. एका वेळी एकच दिवा उघडा ठेवावा. दुसऱ्यासमोर, त्यास न टेकविता, पुठ्ठा धरावा. चालकाच्या जागेवर बसलेल्यास घोंगडे दिसेनासे झाले की त्याने आवाज द्यावा व तेथे खुंटी ठोकावी. दोन्ही दिव्यांच्या खुंट्यांतील अंतर सर्वांनी पावलांनी मोजावे. ते अंतर मोजून झाल्यावर फारसे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

पॉलिश पेपर व पॉलिश यांचा एक मोठा साठा अनेक गाड्यांस पुरतो. सबब शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने हे साहित्य एकत्र घेऊन ठेवल्यास दर गाडीमागे खर्च आणखी कमी होईल. गावातील एखाद्या तरुणास हे काम शिकविल्यास हंगामापूर्वी आठ-पंधरा दिवसांत गावच्या साऱ्या गाड्या होऊ शकतील.

मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाली. चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज मोटारी तयार करणारे मोठे कारखाने उभे आहेत, आणि त्याच पट्ट्यातून शेतकऱ्याची भाजीने भरलेली जुनी पिकअप रोज पहाटे जात असते. नवी गाडी घेणे प्रत्येकास शक्य नसते. जुन्या गाडीचे दिवे स्वच्छ ठेवणे मात्र प्रत्येकास शक्य आहे. येत्या हंगामातील पहिली खेप भरण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी संध्याकाळी आपली गाडी घराच्या भिंतीसमोर उभी करून एकदा दिवे लावून पाहावेत. उजेड पिवळट पडला, तर माल एक दिवस उशिरा न्यावा, पण दिवे आधी दुरुस्त करावेत.